गडग्याच्या दोन बाजू आणि एक अडकवलेली फाइल

हा लेख खरं तर मनीषाकडे मागितला होता. अंकाचे संपादक आमच्या दुकानात आले, काउंटरवर माझ्यासमोर उभे राहिले आणि मलाच म्हणाले, "वहिनी आहेत का?" मी म्हटलं, आत आहेत. ते आत गेले. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. "कॉम्प्युटरच्या धंद्यातले अनुभव लिहा वहिनी, या भागात तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" मनीषा म्हणाली, "मला कुठला वेळ? ह्यांना सांगा, ह्यांना लिहायची हौस आहे." संपादक बाहेर आले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुम्ही लिहिलंत तरी चालेल."

त्या 'तरी चालेल'वर मी हे लिहितो आहे.

मनीषा म्हणजे माझी बायको. बोर्ली पंचतनच्या बाजारात आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणतो, पण उघडलं मी. त्याआधी मी टीव्ही दुरुस्त करायचो. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडच्या यंत्रांचे जे हाल होतात ते शहरातल्या मेकॅनिकला सांगून कळायचे नाहीत. स्क्रू गंजून डोक्यासकट तुटतात. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर हिरवा थर चढतो. पॉवर सप्लायमध्ये पाल शिरते, जळते, आणि घरचे सांगतात, "दोन दिवस वास येतोय, पण चालू होतं हो." झाकण उघडलं की नुसत्या वासावरून मी सांगायचो काय गेलं आहे ते. त्या कामात मला कुणी मागे टाकेल असं वाटलं नव्हतं, आणि टाकलंही नाही कुणी. झालं असं, की ते कामच मागे पडलं.

व्हायरस आले. पेनड्राइव्हमधून आले, मेलमधून आले, लग्नाच्या फोटोंच्या सीडीतून आले. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला पाना कुठे लावायचा? मी सरळ मशीन पुसून कोरं करून द्यायचो. मनीषा तेव्हा काउंटरवर लोकांचे अर्ज टाइप करायची. एकदा एका बाईंचे मुलीच्या बारशाचे फोटो माझ्या हातून असेच पुसले गेले. बाई रडत निघून गेल्यावर मनीषा म्हणाली, "अहो, घरात उंदीर शिरला म्हणून कुणी घर पाडतं का?"

त्या दिवसापासून तिने अँटीव्हायरस कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करायला सुरुवात केली. पलीकडची मुलं कंटाळायची, पण ही सोडायची नाही. "म्हणजे काय? मग ती फाइल जाते कुठे? तिथून बाहेर येते का?" वर्ष गेलं असेल, एक दिवस एक गिऱ्हाईक आलं, मला बघून म्हणालं, "नाय, तुमी नको. वहिनी हायत का?" बस. तिथून ते सुरू झालं आणि आजपर्यंत थांबलेलं नाही.

लोकांना वाटतं नवराबायको एका दुकानात म्हणजे फायदा कुणाचाही झाला तरी घरातच. तसं नसतं. फोन वाजतो, मी उचलतो, पलीकडचा माणूस माझा आवाज ऐकून "अं…" म्हणतो. त्या 'अं'मध्ये सगळं आलं. मनीषाची तारीफ ऐकताना मी मान डोलावतो आणि आत कुठेतरी जळतं, ॲसिडिटीसारखं. डॉक्टरांना विचारायची सोय नाही.

आता ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी क्वारंटाइन म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अँटीव्हायरसला एखादी फाइल संशयास्पद वाटली तर तो ती लगेच मारून टाकत नाही. ती जिथे होती तिथून उचलतो, तिची आतली अक्षरं उलटीपालटी करतो, म्हणजे ती उघडत नाही की चालत नाही, आणि आपल्या ताब्यातल्या वेगळ्या जागेत ठेवतो. चोरट्या मालाची होडी पकडली की तिचं इंजिन काढून जेटीला बांधून ठेवतात, तसं. होडी तिथेच असते, पण जाणार कुठे? ही होडीची उपमा माझी. मी एकदा जेवताना काढली. आता दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत लोक "मनीषावहिनींनी सांगितलंय ना, होडीसारखं असतं" असं मलाच समजावून सांगतात.

तर अशा ठेवलेल्या फाइलचा धोका असतो का? तिथे असेपर्यंत नाही. धोका असतो तो माणसाचा. म्हसळ्याचे इस्माईलचाचा आखातातून नोकरी संपवून परत आले होते. त्यांनी मशीनवर अशा पकडून ठेवलेल्या फाइलींची यादी बघितली, शेजारी 'रिस्टोअर' असं बटण दिसलं. चाचांना वाटलं, परत जागेवर ठेवणं म्हणजे चांगलंच काम. त्यांनी एकेक करून सगळी इंजिनं परत बसवून दिली. मग मशीन घेऊन आले आणि म्हणाले, "मनीषाबाई, मी तर सगल्यांना सोडून दिलं. नेकी केली, ती अंगावर आली."

करोनानंतर तर आणखी मजा झाली. क्वारंटाइन हा शब्द तोवर कुणाला उच्चारता येत नव्हता, तो घराघरात पोचला. मुंबईहून येणाऱ्यांना गावाने शाळेत ठेवलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं. मग एक मच्छीवाले दुकानात आले, "वहिनी, चवदा दिस झाले. आता सोडा की त्या फायलीला." मनीषाने त्यांना शांतपणे समजावलं, की फाइल आपोआप बरी होत नाही. जी वाईट आहे ती वाईटच राहते. पण कधी कधी चांगली फाइलही चुकून पकडली जाते. अँटीव्हायरसने नवी माहिती घेतली की पुन्हा तपासायची, नाहीतर कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवायची, त्यांचा निरोप येईपर्यंत हात लावायचा नाही. मच्छीवाले मन लावून ऐकत होते. मी स्क्रू पुसत होतो.

या चुकून पकडल्या गेलेल्या फाइलचीच गोष्ट मला सांगायची आहे.

दिवेआगरला सुपारीच्या एका वाडीत दोन घरं आहेत, दोन सख्ख्या भावांची. मधे जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. दोन्ही घरांत पर्यटकांसाठी खोल्या आहेत. थोरल्या घरच्या वसुधाकाकू साठीच्या. त्यांच्या हातचं जेवण लोक वर्षभर आठवतात. धाकटी रेवती चाळिशीतली, शिकलेली, बोलकी. तिचे वाडीचे फोटो इंटरनेटवर आहेत, ते बघूनच लोक दिवेआगरला येतात. दोघींचं आडनाव एक, रस्ता एक, त्यामुळे एकीचा पाहुणा दुसरीच्या दारात जाऊन बेल वाजवतो. एवढं कारण भांडणाला पुरतं.

वसुधाकाकूंची मनीषा. रेवतीताईंचा मी. त्यांच्या इन्व्हर्टरच्या निमित्ताने माझं जाणं सुरू झालं आणि त्या मला विचारायच्या, मनीषाला नाही. "सुधीरभाऊ, तुम्ही सांगाल तसं," असं म्हणणारं या पंचक्रोशीत उरलेलं ते एकमेव गिऱ्हाईक होतं. मी त्यांना जपायचो.

एका वर्षी गणपती संपल्यावर वसुधाकाकूंचा फोन आला. अर्थात मनीषाला. कॉम्प्युटरवर लाल चौकट आली होती. "रेवतीने मला पेनड्राइव्ह दिला गं. गणपतीत, सगळ्यांसमोर, गोड बोलून. म्हणाली, जाऊबाई, तुमच्या बुकिंगसाठी प्रोग्रॅम आणलाय, माझ्या भावाने केलाय, लावून तर बघा. लावला तर हे! व्हायरस दिला मला. दिवाळीच्या तोंडावर."

मनीषा जाऊन आली. अँटीव्हायरसने तो प्रोग्रॅम पकडून ठेवला होता. मनीषाने काकूंना सांगितलं, "पकडला आहे, मशीनला काही झालेलं नाही. पण हा व्हायरसच आहे असं मी म्हणणार नाही, आणि नाही असंही म्हणणार नाही." काकूंनी यातलं आपल्याला हवं तेवढं घेतलं. संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीवर बातमी होती, की रेवतीने जावेला व्हायरस दिला आणि हे बोर्लीच्या मनीषाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रेवतीताईंचा मला फोन. "सुधीरभाऊ, तुमच्या मिसेसनी माझं नाव घेतलं? मी चोर आहे?"

मी लगेच गाडी काढली. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मनीषावर रागावलं होतं. रस्त्याने मी मनात वाक्यं जुळवत गेलो. रेवतीताईंच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम व्यवस्थित चालू होता. तपासलं, स्वच्छ. त्यांनी खांडवी दिली खायला, नारळाचा चव पेरलेली. मी म्हटलं, "काही काळजी करू नका, चूक तिकडे आहे." तिकडे म्हणताना मी गडग्यापलीकडे हात केला, पण माझ्या मनात दुकान होतं.

घरी येऊन मनीषाला म्हणालो, "तिचं मशीन स्वच्छ आहे. तू उगाच बाईला बदनाम केलंस."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," मनीषा म्हणाली. "आणि तिच्याकडचा अँटीव्हायरस दुसऱ्या कंपनीचा आहे. त्याला जे वाटत नाही ते ह्याला वाटू शकतं. बसा, दाखवते."

तिने फोनमध्ये काकूंच्या पडद्याचा फोटो काढून आणला होता. ओळखीचा व्हायरस असला तर त्याचं ठरलेलं नाव येतं. इथे नाव नव्हतं, नुसतं 'संशयास्पद' अशा अर्थाचं काहीतरी होतं. म्हणजे अँटीव्हायरसने चेहरा ओळखला नव्हता, चालीवरून अंदाज केला होता. रेवतीच्या भावाने पुण्यात घरी बसून लिहिलेला प्रोग्रॅम. कुठल्या कंपनीचा शिक्का नाही, आणि उघडला की गुपचूप इंटरनेटवर कुणाशीतरी बोलतो. अँटीव्हायरसच काय, माणूसही अशाकडे संशयाने बघेल.

"मग सोडून दे की," मी म्हटलं. "भावानेच केलाय."

"प्रयोगशाळेचं उत्तर येऊ दे."

"तुला फक्त मी सांगितलेलं करायचं नसतं."

ती उठली. कपडे वाळत घालायला गेली.

इकडे वसुधाकाकू अडून बसल्या होत्या, की ती फाइल कायमची काढून टाका, घरात नको. मनीषा त्यांना रोज सांगायची, "काकू, आत आहे तोवर ती काही करू शकत नाही. काढून टाकली आणि नंतर कळलं की चांगली होती, तर तुम्ही रेवतीला काय सांगणार?" काकू म्हणायच्या, "तिला मी काही सांगायची वेळच कुठे येते? तिच्या अंगणात सुट्टीला गाड्या मावत नाहीत. माझी पडवी बघ."

उत्तर आलं. फाइलमध्ये व्हायरस नाही, नव्या माहितीत दुरुस्ती केली आहे. मनीषाने मला ते दाखवलं तेव्हा मी चहाचा कप जरा जोरात ठेवला. जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि ती हरल्यासारखी दिसत नव्हती, याचा राग आला.

"उद्या सोडवू," ती म्हणाली. "पण व्हायरस नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. हा तिकडच्या प्रोग्रॅमशी काय बोलतो, ते बघायला पाहिजे. तुम्ही रेवतीकडे बसा, मी काकूंकडे बसते. मी खोटं बुकिंग टाकते, तुम्ही बघा तिकडे काय दिसतं."

मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकाच स्कूटरवरून गेलो आणि गडग्यापाशी वेगळे झालो. रेवतीताईंनी लॅपटॉप ओटीवर आणला. वाडीत सुपारीची सोलणी चालू होती. पलीकडून वसुधाकाकूंचा आवाज येत होता, "हळू गं, हळू, सोडू नकोस एकदम." फोनवर मनीषा म्हणाली, "टाकलं."

पडद्यावर एक ओळ आली. वसुधा, खोली दुसरी, दिवाळीचे दोन दिवस. इथपर्यंत ठीक. रेवतीताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खाली एक चौकट उघडली. 'सुधीर. एक माणूस, बायको येणार नाही. चहा बिनसाखरेचा. वांगं खात नाही. सकाळी गरम पाणी लागतं.' आणि माझा मोबाइल नंबर.

रेवतीताई आधी हसल्या. मग हसू थांबलं.

"हे सगळं मला दिसणार?"

"दिसतंय."

"म्हणजे जाऊबाई ज्या पाहुण्याचं जे लिहितील ते?"

"हो."

वसुधाकाकूंच्या धंद्याचं बळ तेच होतं. कुणाला पोळी मऊ लागते, कुणाच्या सासूला गुडघ्यामुळे खालची खोली लागते, हे त्यांना तोंडपाठ असायचं. लोक त्यासाठी परत यायचे. ते सगळं नंबरांसकट आता गडग्यापलीकडे येऊन पडणार होतं.

रेवतीताईंनी भावाला फोन लावला. तो कामात होता. "अगं, घरचंच आहे ना, म्हणून सगळंच एकत्र दाखवलंय. काय झालं त्यात?" त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला फक्त त्यांच्या खोल्या भरल्या की कळायला हवं होतं. मे महिन्यात त्यांच्याकडे एका खोलीला दोन पाहुणे आले, तेव्हा त्यांनी एकाला पार तिकडे नाक्यावरच्या घरात पाठवलं. मी इथे उभी होते, या ओटीवर. मला हाक मारली नाही." मग जरा वेळाने, "सुधीरभाऊ, तुम्ही हे तिकडे सांगणार का? भाऊ दोन दिवसांत नीट करून देईल. कुणाला कळणारही नाही."

मी साधू नाही, म्हणून लिहितो. फोन माझ्या हातात चालू होता. पलीकडे मनीषा वाट बघत होती. मी नुसतं "ठीक आहे" म्हटलं असतं तर तिने तो प्रोग्रॅम चांगला म्हणून काकूंना लावून दिला असता. पुढे कधीतरी हे बाहेर आलं असतं, आणि पहिल्यांदा लोक म्हणाले असते, मनीषावहिनी चुकल्या. हा विचार माझ्या डोक्यात आला. आला तो एखाद्या ओळखीच्या माणसासारखा आला, दार न ठोठावता.

पण त्या होडीत इंजिन आहे की नाही एवढंच बघायला तिने मला तिथे बसवलं होतं, आणि मला इंजिन दिसत होतं. मेकॅनिक माणूस त्यापुढे काही करू शकत नाही.

"मनीषा, ते परत आत टाक," मी म्हणालो.

"का?"

"माझा नंबर, माझी साखर, माझं वांगं, सगळं इथे दिसतंय."

पलीकडे माउसची टिकटिक ऐकू आली. मग, "नीट बघितलंत?"

"बघितलं."

"बरं झालं बघितलंत."

आणि लगेच वसुधाकाकूंचा आवाज, फोनमधून आणि गडग्यावरून असा दोन्हीकडून एकदमच, "मी सांगत नव्हते! मी पहिल्या दिवसापासून सांगत नव्हते! हेर ठेवलाय माझ्या घरात!"

मला वाटलं रेवतीताई आता रडतील. त्या उठल्या, लॅपटॉप तसाच उघडा उचलला, वायर माझ्या पायात अडकली ती ओढून घेतली आणि गडग्यातल्या कवाडीतून पलीकडे चालू लागल्या. मी मागे वायर धरून. काकूंच्या पडवीत त्यांनी लॅपटॉप जमिनीवर ठेवला.

"बघा. काय दिसतं मला ते तुम्हीच बघा. मला आधी माहीत असतं तर मी दिलाच नसता."

काकूंनी चष्मा लावला. मनीषा बाजूला सरकली. काकूंनी माझी चौकट वाचली, "वांगं खात नाही" मोठ्याने वाचलं, माझ्याकडे एक नजर टाकली. मग त्यांचं बोट खाली सरकलं.

"ह्या कुणाच्या खोल्या?"

"माझ्या."

"मग ह्या पांढऱ्या का?"

"रिकाम्या आहेत म्हणून."

"दिवाळीत?"

"दिवाळीत."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. पांढऱ्या त्या पांढऱ्याच होत्या. त्यांच्या स्वतःच्या खोल्या तर कधीच भरल्या होत्या.

"आणि तुझ्या अंगणात त्या गाड्या असतात त्या?"

रेवतीताई म्हणाल्या, "त्या तुमच्या जेवणाच्या पाहुण्यांच्या. तुमच्या अंगणात जागा नसते, म्हणून माझ्याकडे लावतात. मी कुणाला नाही म्हटलं नाही."

सोलणीवाल्या बायका हात थांबवून इकडे बघत होत्या. ज्या गाड्या मोजून वसुधाकाकूंना इतकी वर्षं जेवण गोड लागत नव्हतं, त्या गाड्या त्यांच्याच पाहुण्यांच्या होत्या.

"मग मला सांगायचंस की," काकू शेवटी म्हणाल्या.

"काय सांगू? की माझ्याकडे कुणी येत नाही? फोटो माझे बघतात आणि जेवायला तुमच्याकडे राहतात? हे तुम्हाला येऊन सांगू?"

काकू उठल्या. मला वाटलं आता भांडण. त्या आत गेल्या, आतून म्हणाल्या, "चहा टाकते. सुधीरला बिनसाखरेचा."

नंतरचं थोडक्यात सांगतो. रेवतीच्या भावाने प्रोग्रॅम बदलून पाठवला, नुसत्या रिकाम्या-भरल्या खोल्या दिसतील असा. तो काकूंच्या मशीनमध्ये घातल्याबरोबर अँटीव्हायरसने पुन्हा पकडला, कारण बदलला म्हणजे त्याच्या दृष्टीने तो पुन्हा अनोळखी झाला. काकू हसून हसून दमल्या. मनीषाने पुन्हा प्रयोगशाळेकडे पाठवला आणि पुन्हा हात लावू दिला नाही. त्यामुळे ती सगळी दिवाळी प्रोग्रॅम आत बसून होता आणि काम गडग्यावरून ओरडून झालं. "रेवतीऽ, चार माणसं आहेत, धाडू का?" "धाडाऽ." आता तो प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो. दोघी एकमेकींबद्दल अजूनही काही चांगलं बोलत नाहीत. काकू म्हणतात रेवतीच्या घरी चादरी नीट अंथरत नाहीत, आणि पाहुणे तिच्याकडेच पाठवतात.

गावात मात्र बोललं गेलं ते हेच, की मनीषावहिनींनी दोन घरं जोडली. काकूंनी तर तिला त्या चहानंतरच पिशवीभर नारळ दिले होते. पिशवी मी उचलली.

आज लॅपटॉप इतके चपटे आणि बंद येतात, की उघडायला जागा नाही. गंजलेला स्क्रू महिनोन्‌महिने हाताला लागत नाही. माझ्या हातांना जे कळतं ते आता कुणी विचारत नाही, याची रुखरुख आहे, आणि ती मनीषाच्या यशामुळे आहे की काळामुळे, हे मला नीट वेगळं करता येत नाही. तिला संशय आणि दोष वेगळे करता येतात, तसं मला करता यायला हवं होतं.

पण पडवीतल्या त्या चहाच्या दिवशी परत येताना एक झालं, ते कुठे सांगितलेलं नाही.

मनीषा मागे बसली होती, मांडीवर नारळ. दिवेआगर सुटलं. मग म्हणाली, "रेवतीने आज काय दिलं खायला?"

"आज काही नाही. कुठे वेळ होता?"

"आज नाही म्हणजे आधी दिलं होतं?"

"खांडवी. मागच्या खेपेला."

"घरी बोलला नाहीत."

मी म्हटलं, खांडवीचं काय बोलायचं.

तिने मांडीवरचे नारळ सावरले. मग ती म्हणाली, "तिच्याशी बोलताना तुमचा आवाज वेगळा असतो."

"वेगळा म्हणजे?"

"मी फोनवर ऐकत होते ना. 'दिसतंय', 'हो'. केवढं हळू, केवढं गोड. दुकानात माझ्याशी असं कधी बोलता?"

मी आरशात बघायचा प्रयत्न केला. तिचा चेहरा दिसेना, नुसता कान आणि उडणारे केस. तो कान लाल झालेला होता.

"आणि इन्व्हर्टरला महिन्यातून किती वेळा बघावं लागतं?" ती म्हणाली. "पुढच्या वेळी तिकडे मी जाईन. तुम्ही काकूंकडे बसा."

बायको माझ्यावरून जळते आहे! सगळा तालुका जिला विचारून पाऊल टाकतो ती, माझ्यावरून, खांडवीच्या एका वडीवरून जळते आहे. इतक्या वर्षांत मला कुणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं, आणि बोर्लीकडे वळायचं ते न वळता गाडी सरळ घेतली.

"हा कुठला रस्ता?" मनीषाने विचारलं.

"लांबचा," मी म्हणालो.